एरर कॉइन ओळखायला घेतलेलं सामान: काटा, भिंग आणि तो हजारपटवाला मायक्रोस्कोप

एरर कॉइन म्हणजे टांकसाळीत छापताना चूक होऊन बाहेर पडलेलं नाणं. आधी सांगतो हे सामान का घेतलं. यंदा जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला गेलो होतो, होम मैदानावर पाळण्यांच्या पलीकडे जुन्या नाण्यांचं एक दुकान लागलं होतं, चादर अंथरून त्यावर ढीग. त्यात एक वीस पैशाचं ॲल्युमिनियमचं षटकोनी नाणं दाखवलं त्याने, एका बाजूला सिंह उठलेला आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा आणि आत दबलेला. म्हणाला लखी आहे. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लखी म्हणजे टांकसाळीत एक नाणं छापून झाल्यावर डायला (छाप उठवणाऱ्या ठशाला) चिकटून तिथंच राहतं, त्याच्याखाली पुढची कोरी चकती येते आणि तिच्या एका बाजूला डायचा छाप न उमटता त्या चिकटलेल्या नाण्याचा उमटतो, म्हणून तो आरशासारखा उलटा आणि खोल. लाखात एखादं म्हणून लखी असं जुने संग्राहक सांगतात. मी आठशे रुपये दिले. घरी येऊन आठ दिवस रोज बघत होतो आणि काहीतरी खटकत होतं, पण काय ते डोळ्याला कळत नव्हतं.

मी चिंचोळी एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, दिवसभर पट्टीतून वॉशर पंच करणं हेच काम, त्यामुळे डाय, पंच, कॉलर हे शब्द माझ्या हाताखालचे आहेत. नाणं पण तसंच बनतं, धातूच्या पट्टीतून गोल चकत्या पंच करायच्या, त्यांची कड थोडी वर उचलून घ्यायची, मग कॉलरमध्ये (चकतीला भोवतीने धरणाऱ्या कड्यात) बसवून वरून खालून डायचा दणका द्यायचा. मला वाटायचं एवढं माहीत असल्यावर आपण कशाला फसतोय. पण नुसत्या डोळ्याने आणि ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, हे त्या आठ दिवसात पक्कं झालं. मग एकेक करून पाच वस्तू घेतल्या आणि गेले काही महिने वापरतोय. कुणी सोलापुरात नव्याने या नादाला लागत असेल तर कुठल्या वस्तूवर पैसे घालायचे आणि कुठल्यावर नाही हे सांगायला लिहितोय.

पहिला वजनकाटा. सराफ बाजारात काट्याच्या दुकानातून घेतला, खिशात मावणारा, २०० ग्रॅमपर्यंत आणि ०.०१ ग्रॅमचा फरक दाखवणारा, साडेचारशे रुपये. ऑनलाइन थोडा स्वस्त होता, पण दुकानदाराने समोर वजन टाकून दाखवलं, मी पाच वेळा तेच नाणं ठेवून बघितलं आणि मगच पैसे दिले, तुम्ही पण तसंच करा. ०.१ ग्रॅमचा काटा घेऊ नका, आपल्या कामाला उपयोग नाही. घरी आल्यावर माझ्याकडे तपासायचं वजन नव्हतं तर मी काय केलं, २०११ च्या सिरीजचे रुपयाचे दहा चांगले चकचकीत कॉइन घेतले, एकाचं वजन ३.७९ ग्रॅम ठरलेलं आहे म्हणजे दहाचं ३७.९ यायला पाहिजे, आलं ३७.८६. मला तेवढं बस झालं. एक त्रास म्हणजे पंखा. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे शिक्षाच, पण पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचत राहतो. मी मुलाच्या कंपासपेटीचं प्लॅस्टिकचं झाकण काट्यावर पालथं घालतो, मग थांबतो.

काट्याचं महत्त्व मला आधी कळलंच नव्हतं. एरर कॉइन म्हणजे बघायची गोष्ट, वजनाचा काय संबंध असं वाटायचं. पण आपल्या नाण्यांची वजनं पक्की ठरलेली आहेत आणि ती एकदा वहीत लिहून घेतली की निम्मं काम होतं. १९९२ नंतरचा मोठा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर, २०११ च्या सिरीजचा रुपया ३.७९ आणि त्याच सिरीजचं दोन रुपये परत ४.८५, पाचचं जुनं जाडं कुप्रोनिकेल (तांबं-निकेलचं) ९ ग्रॅम, २०११ नंतरचं पिवळं ६ ग्रॅम, दहाचं २७ मिलिमीटर आणि ७.७१. आणि २०१९ ची नवी सिरीज आली तिचे आकडे परत वेगळे, रुपया ३.०९, दोनचं ४.०७, पाचचं ६.७४, दहाचं ७.७४. हे माहीत नसेल तर माणूस नवा रुपया काट्यावर ठेवून "वजन कमी भरलं, एरर सापडला" म्हणून नाचतो, असे मेसेज मी ग्रुपवर बघितलेत.

आता वजनाने काय कळतं बघा. समजा २०११ सिरीजचं दोन रुपयाचं नाणं चुकून रुपयाच्या चकतीवर छापलं गेलं, तर अक्षरं कडेला कापली जातील हे दिसेलच पण वजन ३.७९ च्या आसपास भरेल, कारण चकती रुपयाची. म्हणजे चुकीचं वजन दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या नाण्याच्या वजनाशी जुळलं पाहिजे. माझ्याकडे एकाने पाचचं पिवळं नाणं आणलं होतं, "पातळ आहे, रेअर आहे" म्हणून, वजन ४.९२. पाचच्या नाण्याचं ६ असतं, आणि ४.९२ कुठल्याच पिवळ्या नाण्याशी जुळत नाही. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गोल झालेल्या, सगळीकडे सारख्या, आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत. ॲसिडमध्ये टाकलेलं होतं. त्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटलं, पण त्याने ते दीडशेला घेतलं होतं, पुढच्याला पंधराशेला विकलं असतं आणि तो फसला असता.

दुसरी वस्तू भिंग. इथे मी एक चूक केली ती सांगतो. आधी ऑनलाइन एक चंदेरी घडीचं भिंग मागवलं, त्यावर ६०x लिहिलेलं, लाइट पण होता, किंमत १८० रुपये. ते आलं तर कडेला सगळं निळं-लाल दिसायचं आणि मधला हरभऱ्याएवढा भाग सोडला तर बाकी धूसर. ६०x तर सोडाच, मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून बघितली तर दहा-बारापटीच्या वर काही जात नव्हतं. मग नवी पेठेत घड्याळाचं सामान मिळतं तिथून साधं १०x चं घेतलं, तीन काचांचं, २६० रुपये. फरक लगेच कळला, कडेपर्यंत सरळ आणि स्वच्छ. १०x च्या वर जाऊ नका, खरंच सांगतो, नाण्याला तेवढंच लागतं. धरायची पद्धत पण आहे, भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि नाणं जवळ आणायचं, लोक उलटं करतात, भिंग नाण्यावर धरतात आणि लांबून बघतात.

भिंग हातात आलं आणि पहिल्याच रात्री ते गड्ड्यातलं लखी काढलं. वजन बरोबर २.२ ग्रॅम, काट्याने काही पकडलं नाही, कारण नाण्यातून धातू गेलेलाच नव्हता. पण भिंगाखाली दबलेल्या सिंहाच्या मागे चपटा झालेला २० चा आकडा दिसला. म्हणजे आधी ते नीट छापलेलं नाणं होतं, मग कुणीतरी त्यावर दुसरं नाणं ठेवून व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळलं, ॲल्युमिनियम मऊ असतं त्यामुळे दुसऱ्याचा सिंह यात रुतला आणि मूळचा आकडा पुरता गेला नाही. दुसरी बाजू बघितली तर सिंहाचं तोंड सपाट, व्हाइसचा जबडा जिथे टेकला तिथे. खऱ्या लखीत दबलेल्या बाजूला खाली जुनं काही दिसायला नको कारण ती चकती कोरी असते, आणि उलट बाजू एकदम नव्या नाण्यासारखी खणखणीत उठलेली असते, तिथे तर खऱ्या डायचा पूर्ण दाब बसलेला असतो ना. एवढं साधं आहे. मी रोज व्हाइस वापरतो आणि मला आठ दिवस कळलं नाही. दुकानदाराला माहीत होतं का नव्हतं ते मला सांगता येत नाही, गड्डा संपला आणि तो गेला.

भिंगाचा सगळ्यात मोठा नियम माझ्यासाठी हा झाला की रेघ उठलेली आहे का खोल गेलेली. डायला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ वर उठून येते, म्हणून डाय क्रॅक कायम उंच असतो. ओरखडा, चाकूची खूण, दगडावर घासलेलं, हे सगळं खाली जातं. डायचा कडेचा तुकडाच पडला तर नाण्याच्या कडेला अक्षर गिळून टाकलेला एक गुळगुळीत फुगवटा येतो, त्याला कड (cud) म्हणतात इंग्रजीत, आपल्या कडेशी गोंधळ करू नका. डायवर ग्रीस साचलं तर अक्षर पुसट किंवा गायब, पण आजूबाजूचं सगळं ठणठणीत. झिजलेल्या नाण्यात मात्र सगळंच झिजतं, एकच अक्षर नेमकं नाही झिजत.

क्लिप म्हणजे चंद्रकोरीसारखं कापलेलं नाणं, हे तर आमच्या शॉपमध्ये मी रोज बघतो. पट्टी पुढे पुरती सरकली नाही की पुढचा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि वॉशरला एक घास कमी येतो, अगदी तसंच. खोटी क्लिप कानशीने करतात आणि ती ओळखायची खूण अशी की खऱ्या क्लिपच्या बरोबर समोरच्या बाजूची कड पण कमजोर, पुसट असते, कारण कड उचलायच्या मशीनमध्ये एका बाजूला धातू नसल्याने समोर दाबच बसत नाही. कानशीवाल्याला हे करता येत नाही, समोरची कड तशीच उंच राहते. शिवाय क्लिपच्या जवळची अक्षरं त्या बाजूला ओढल्यासारखी दिसतात, कापलेल्या नाण्यात अक्षर सरळ चिरलेलं असतं.

तिसरी वस्तू लोहचुंबक, फुटक्या स्पीकरमधला, फुकट. स्टीलची नाणी चिकटतात, कुप्रोनिकेल आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही. जुनं अकरा बाजूंचं राष्ट्रीय एकतावालं दोन रुपये कुप्रोनिकेलचं, ते जर चिकटलं तर तिथंच थांबून विचार करायचा. चौथी व्यास-जाडी मोजायची व्हर्निअर, प्लॅस्टिकची डिजिटल, तीनशेची. ठीक आहे, काम चालतं, पण मी माझी शॉपमधली स्टीलचीच वापरतो, तीनशे वाचवा.

आणि आता मायक्रोस्कोप. १६५० रुपये गेले याच्यात. खोक्यावर १०००x, यूएसबीने लॅपटॉपला लागतो, मोबाइललाही लागतो म्हणे पण माझ्या मोबाइलला लागला नाही, भोवती आठ एलईडी. स्टँड इतका हलका की फोकसची चकती फिरवली की पूर्ण नळीच हलते आणि नाणं पडद्यावरून पळून जातं. शेवटी मी आमच्या शॉपमधला भंगारातला एक मॅग्नेटिक स्टँड आणून त्यात बसवला, तेव्हा स्थिर झाला. स्टीलच्या नाण्यावर त्या एलईडीचे आठ पांढरे ठिपके पडतात आणि नेमकं बघायचं ते झाकलं जातं, त्याला उपाय म्हणजे टिश्यू पेपरचा एक पदर नळीच्या तोंडाला रबराने लावायचा, लाइट पसरतो.

पण माझी खरी तक्रार ही नाहीच. माझी तक्रार अशी की हा प्रकार माणसाला एरर नसलेल्या ठिकाणी एरर दाखवतो. एवढं मोठं करून बघितलं की प्रत्येक नाणं जखमी दिसतं. गोणीत हजारो नाणी एकमेकांवर आपटत येतात, प्रत्येकावर शेकडो खड्डे असणारच. पहिले पंधरा दिवस मी रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून "डबल डाय" शोधत होतो आणि मला अकरा सापडले. मग शांतपणे वाचलं, परत बघितलं, आणि अकराच्या अकरा मशीन डबलिंग निघाले, म्हणजे दणका बसल्यावर डाय किंचित हलली आणि अक्षराची एक बाजू ढकलली गेली. त्यात दुसरं अक्षर चपट्या पायरीसारखं असतं आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये डाय बनवतानाच तिच्यावर छाप दोनदा, किंचित सरकून बसलेला असतो, त्यामुळे दोन्ही अक्षरं गोलसर, उंच, आणि टोकाला फटीसारखी दुभंगलेली, अमेरिकेच्या १९५५ च्या एक सेंटमध्ये तर तारीख साध्या डोळ्यांना दोन-दोन दिसते. ज्या एररला बघायला हजारपट लागतं त्याला घेणारा माणूस पण हजारात एक मिळतो, हे मला पंधरा रात्री घालवून कळलं.

त्याचा उपयोग नाहीच असं म्हणणार नाही. ओतीव नकली नाण्यावरचे बारीक बुडबुड्यांचे खड्डे यात छान दिसतात, दोन्हीकडे छापा असलेल्या जादूवाल्या नाण्याच्या कडेच्या आतली जोडरेघ दिसते, दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढून उलटा बसवलेला असेल तर सांध्यावरचे ओरखडे दिसतात. आणि फोटो काढून कुणाला दाखवायला बरा. पण हे सगळं भिंगाने ८० टक्के होतंच. म्हणून पाचपैकी दोन. काट्याला पाच, १०x भिंगाला साडेचार, अर्धा यासाठी कमी की त्याचा स्क्रू ढिला होतो.

नाणी कुठून आणतो हे पण लोक विचारतात. आमच्या दाजींचं विडी घरकुलला किराणा दुकान आहे, दर रविवारी त्यांच्या गल्ल्यातली चिल्लर मी घेऊन येतो, नोटा देतो, आणि बघून झाली की परत देतो. दाजी पहिल्यांदा म्हणाले, "ओ पाव्हणं, चिल्लर न्या की, पण लहान पोरांना सुट्टे द्यायचे असतात, बुधवारच्या आत आणून द्या." ताई मात्र अजून म्हणते त्या मशीनपायी रात्रीची झोप घालवू नको, आणि खरं आहे तिचं. आतापर्यंत चार-साडेचार हजार नाणी बघून झाली असतील. त्यातून ठेवण्यासारखी निघाली सात. त्यात अंगठावाला रुपया आहे, २००८ चा, डाय फिरलेली. हे तपासायला काहीच सामान लागत नाही, आपल्या आत्ताच्या नाण्यांची दोन्ही तोंडं एकाच दिशेला वर असतात, म्हणजे पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटलं की मागचं पण सरळच दिसलं पाहिजे. माझ्या रुपयात अंगठा आडवा झोपतो, जवळपास ९० अंश. पाच-दहा अंशाचं फिरणं खूप मिळतं, त्याला कुणी पैसे देत नाही. बाकी तीन डाय क्रॅक, एक ग्रीसचं, एक छोटी खरी क्लिप.

आणि एक फार महत्त्वाचं राहिलं. वर्षाच्या खाली ठिपका असला तर तो एरर नाही, तो नोएडा टांकसाळीचा शिक्का आहे. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, आणि काहीच नसेल तर "खूण छापायची राहिली" असं नाही, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. ठिपक्याला एक्स्ट्रा डॉट एरर म्हणून पाचशेला विकलेलं मी स्वतः बघितलंय. तसंच जॉर्ज पाचव्याचा १९११ चा रुपया, ज्यात अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि परत घेतला गेला, तो कितीही दुर्मिळ असला तरी ती डिझाइनची चूक आहे, टांकसाळीतल्या छपाईची नाही, दोन्ही एकाच पाकिटात घालू नका. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते तर सोडूनच द्या, ते नाणं भरपूर निघालेलं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलं कमिशन घेत नाही, तरी आमच्या शॉपमधल्या एका पोराकडून "रजिस्ट्रेशन फी" म्हणून दोन हजार उकळले कुणीतरी फोनवर.

नाणी धुवू नका, घासू नका. माझ्या आईने प्रेमाने एक डाय क्रॅकचं पाचचं नाणं चिंच-मिठाने लखलखीत केलं, तिचा दोष नाही, मीच ओट्यावर ठेवलं होतं, पण ते आता गेलं.

सातवं नाणं सांगायचं राहिलं. दोन रुपये, २०१४ चं, वर्षाखाली काही खूण नाही म्हणजे कोलकाता. व्यास व्हर्निअरवर २५ बरोबर. वजन ४.८५ पाहिजे, आलं ४.२९. कशाशीच जुळत नाही म्हणून पहिल्यांदा त्या ॲसिडवाल्या पाचसारखं बाजूला टाकलं होतं. मग भिंगाखाली बघितलं तर अक्षरांच्या कडा धारदार, पृष्ठभागावर नव्या स्टीलची चमक, पण मधला उठाव दोन्ही बाजूंना जरा अर्धवट, म्हणजे डायला भरायला धातूच पुरला नाही असा. पट्टीच पातळ लाटली गेली असेल तर असंच होईल, आमच्याकडे पण शीटचा कॉइल बदलताना सुरुवातीचे काही वॉशर पातळ निघतात. जाडी चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी सारखी. तीन वेळा पंखा बंद करून वजन केलं, ४.२९, ४.२९, ४.२८. पुण्याला एक प्रदर्शन असलं की तिथल्या जाणकाराला हातात देऊन दाखवणार आहे, तोवर कागदाच्या पाकिटात ठेवलंय आणि वर पेन्सिलीने वजन लिहिलंय.